दुसरा कोअर राखीव

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंट भाऊंच्या हातून आजवर काहीही वाया गेलेलं नाही, आमचा वेळ सोडला तर. पंखा एकवर, खडू चिमटीत मावेनासा होईपर्यंत, आणि कशालाही एकच प्रश्न, "हवाय कशाला?"

लॅबसाठी दोन कोअरचा, म्हणजे दोन मेंदूंचा, सर्व्हर आला, तेव्हा त्यावरच्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, स्वतः बांधायची हौस त्यांचीच. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, या पर्यायांची लांबलचक यादी बघून माझ्यासारख्या प्राध्यापकाला घाम फुटतो. हे मात्र माळा साफ करायला बसावं तसे खुलले. प्रत्येक ओळीला "हवाय कशाला?" विचारायचं आणि 'नाही' दाबायचं. असे तीन दिवस. मी अर्थातच कौतुकाने मान डोलवत होतो.

प्रात्यक्षिक परीक्षेला चाळीस मुलं एकदम त्या सर्व्हरवर बसली आणि सगळे पडदे गोठले. बाहेरून आलेल्या परीक्षकांचं वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट संपलं. मी तपासलं, तर एकटाच कोअर राबत होता.

"भाऊ, दोन्ही कोअर चालवायचा पर्याय राहिला का?"

"राहील कसा? मुद्दाम बंद केला. 'नाही' म्हटलंत तरी मशीन चालेल, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. एक झिजला की दुसरा आहे हो, नवाच्या नवा."

 आमच्या लग्नात आलेला कपबशांचा सेट शोकेसमध्ये चांगल्या पाहुण्याची वाट बघतोय. मुलगी आता बारावीला आहे. भाऊ दर गणपतीत आमच्याकडे येतात. चहा मी त्यांना स्टीलच्या पेल्यातून देतो.