तळपायाचा ठसा

माझे वडील चप्पल घालायचे ती फक्त लग्नकार्याला, आणि येताना बरेचदा तिथंच विसरून यायचे. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला महादेवाचं लहानसं देऊळ आहे. तिथली पूजा आमच्या घराकडे. घरापासून शंभरेक पावलं, तेवढ्यासाठी चप्पल कशाला, असं त्यांचं म्हणणं. साखरेचा आजार निघाल्यावर मी समजावून सांगितलं, भांडून सांगितलं. "जलम गेला की अनवाणी," एवढंच उत्तर.

मग उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आला आणि घट्ट्याच्या आत जखम झाली. ती भरायची आणि पुन्हा उघडायची. मला कळली तीही त्यांनी सांगितली म्हणून नाही, फरशीवर डाग दिसले म्हणून. एवढं होऊन दुखत कसं नाही, म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, "दुकत न्हाय म्हंजी बरंच हाय की." तिसऱ्यांदा भरली तेव्हा डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. आता उघडली आणि हाडापर्यंत गेली, तर अंगठा काढावा लागेल. त्याआधी पाय मोजून घेऊ.

पाय मोजायचा म्हणजे लांबी-रुंदी नाही. तळव्याखाली कुठं किती भार पडतो ते बघायचं. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना घेऊन गेले.

आधी बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले. नायलॉनचा जाड दोरा तळव्याला टोचणार, कळलं की सांगायचं. वडील "व्हय... व्हय... व्हय" म्हणत राहिले, अगदी लयीत. त्यातल्या दोन-तीन वेळा दोरा अजून हवेतच होता. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं. हा माणूस आम्हाला फसवत नव्हता, परीक्षेत पास व्हायला बघत होता. बाईंनी कागदावर लिहून घेतलं.

मग जमिनीवरची काळी पाटी दाखवून त्या म्हणाल्या, "काका, यावर सरळ उभे राहा." पाटीची वायर कॉम्प्युटरला जोडलेली होती. वडील चढले आणि चढल्या चढल्या खाली वाकले, उजव्या हाताची बोटं पाटीला लावून कपाळाला लावली. यंत्राला पाय लागला होता ना! खंडेनवमीला शिवणयंत्रापासून गल्लीतल्या रिक्षापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लावणारा माणूस, तो यंत्रावर पाय देऊन ताठ कसा उभा राहणार? बाई हसल्या. "वाकू नका हो, चुकीचं येतं." दुसऱ्या वेळी ते पुन्हा वाकले. तिसऱ्या वेळी मी समोर उभी राहून त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

पडद्यावर दोन पावलं उमटली. भार कमी तिथं निळं, जास्त तिथं लाल, असं ते चित्र असतं. आमचं चित्र निळं-हिरवं, टाचांना थोडं पिवळं. चालायला लावलं, तरी अंगठ्याखाली फार काही दिसेना. बाई विचारात पडल्या. एवढ्याशा भारानं जखम परत परत उघडायला नको, म्हणाल्या. मला हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. मग उघडते कशानं?

"पहिलं चित्र पुसलंत का?" मी विचारलं. का विचारलं ते मला नीट सांगता येणार नाही. वडिलांची ती वाकण्याची ढब मी रोज बघत आलेय, एवढंच.

पुसलं नव्हतं. बाईंनी उघडलं. उजव्या पायाची टाच चित्रात नव्हतीच. नुसता चवडा, आणि अंगठ्याच्या मुळाशी लालभडक ठिपका. बरोबर जखमेच्या जागी.

देवळात पिंड खाली, खळग्यात आहे. गुडघे गेल्यापासून वडिलांना मांडी घालून बसवत नाही. डाव्या हातानं कठडा धरून, उजव्या चवड्यावर रेलून ते पाणी घालतात, बेल काढतात, पुसतात. सकाळी तासभर, संध्याकाळी पुन्हा. अनवाणी, दगडावर.

बाई म्हणाल्या, आतून मऊ अशी चप्पल करून देते, घरीदारी घाला. गाभाऱ्यात घालता येईल का, त्यांनी विचारलं. वडिलांनी कानाला हात लावला. मग पूजा स्टुलावर बसून करा, बाई म्हणाल्या.

"द्येवापुढं स्टूल घिऊन बसू?" वडील म्हणाले. "त्यापरीस पूजा सोडतो."

"आणि अंगठा गेल्यावर काय लंगडत करणार आहात?" मी दवाखान्यातच ओरडले. बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली. वडिलांनी मान खाली घातली. बोलल्याचं मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

आम्ही रिक्षानं परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "दगड गार हाय का ऊन, त्येबी कळंना झालंय. लई दिस झालं. मला वाटलं, वय झालं." थोड्या वेळानं, दूध आणायला सांगावं तसं म्हणाले, "वाकायचं काम तू कर. वरचं, मंतराचं, मी बगतो."

आमच्या घरातल्या मुलींनी फुलं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची, आत जायचं नाही. मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी मी तांब्या घेऊन आत गेले. वडील उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसले, पायाखाली टॉवेलची घडी. मी कठडा धरला, वाकले, आणि माझा उजवा पाय आपोआप एका गुळगुळीत झालेल्या जागी पडला.

"गार हाय का गं?" मागून आवाज आला.

"लई गार," मी म्हणाले.

"असंल," ते म्हणाले, आणि मंत्र सुरू केला. जखम अजून तरी उघडलेली नाही. मी पाणी घाईनं ओतते म्हणून ते रोज रागावतात, पण त्याआधी रोज हेच विचारतात.