जुना गिअरबॉक्स आणि आमच्या वन्सं

माझं अर्धं आयुष्य वर्कशॉपात गेलं, आणि उरलेलं तिथल्या माणसांना समजावण्यात. मी कोपऱ्यात मशीनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवते, आमचे हे इंजिनं बघतात, आणि वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, गिअरबॉक्स उघडतात. वन्सं लग्नाच्या भानगडीत पडल्याच नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, "कुणाचं कुणाशी जुळत नाही हेच दिवसभर बघते. घरी जाऊन परत तेच कशाला?" अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तरीही घालते.

गेल्या वर्षी वर टांगलेलं एक इंजिन खाली आलं आणि वन्संचा डावा पाय गुडघ्यापासून खाली गेला. इंजिनाची साखळी यांच्या हातात होती. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. वन्सं कृत्रिम पाय लावून परत आल्या आणि सरळ कामाला बसल्या. बदलले ते हे. बहिणीशी ज्यांचं एक दिवस धड पटलं नव्हतं, ते तिला खुर्ची सरकवायला, पाना हातात द्यायला धावू लागले. एकदा तर चहात साखर ढवळून दिली. वन्सं म्हणाल्या, "अरे, पाय गेलाय माझा. हात शाबूत आहेत." हे ओशाळले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा घेऊन हजर.

वन्संची स्वतःची एक गाडी आहे. दोनच माणसांची, बिनछपराची, बुटकी स्पोर्ट्स कार. भंगारातून आणली आणि सगळा पत्रा स्वतः ठोकून उभी केली. ही गाडी कंपनीने आधी एक काढली आणि काही वर्षांनी सुधारून दुसरी. बाहेरून बघाल तर जुळ्या बहिणी. फरक सगळा पोटात.

तो फरक वन्संनी मला एकदा सांगितला. गिअर बदलताना जी दोन चाकं एकमेकांत अडकायची असतात, ती वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. नंतरच्या गाडीत त्यांच्यामध्ये एक पितळी कडी असते. ती आधी दोघांना एका वेगावर आणते, मग दात गुपचूप दातांत बसतात. आधीच्या गाडीत कडी नाहीच. तिथे वेग चालवणाऱ्याने जुळवायचा. क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर टाका. जरा चुकलं की असं करकरतं की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

"म्हणजे नंतरच्या गाडीत सासूबाई मध्ये पडून मिटवतात," मी म्हटलं.

"आणि आधीच्या गाडीत नुसत्या तू आणि मी," वन्सं म्हणाल्या.

त्यांची गाडी आधीची. म्हणजे प्रत्येक गिअरला दोनदा क्लच, आणि क्लच डाव्या पायाचा. कृत्रिम पायाला पेडल कळत नाही. मांडीच्या जोराने एकदा दाबता येतं, पण दुसऱ्यांदा दाबेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. अपघातानंतर गाडी आच्छादनाखाली होती.

एक दिवस हे कुठूनतरी नंतरच्या गाडीचा गिअरबॉक्स घेऊन आले. जुना काढून दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडे मांडले. इतक्या उत्साहात त्यांना वर्षभरात बघितलं नव्हतं.

"ताई, हा बसवू. एकदाच दाबायचं, की झालं. आणि पाच गिअर."

वन्संनी हाताने लांबी मापली. "चार बोटं लांब आहे. मधला पत्रा कापावा लागेल."

"कापू की."

"तो मी ठोकलाय."

"मी नवा ठोकून देईन."

"तू? तुझ्या हातचा पत्रा बघितलाय मी. त्याच्यापेक्षा हिची पोळी गोल असते."

माझी पोळी मध्ये आणायची काही गरज नव्हती. पण भांडण त्यांचं होतं, म्हणून गप्प बसले.

हे हट्टालाच पेटले. एकदा कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "जुना परत बसव. रविवारी टाकीच्या टेकडीवर गाडी नेऊन दाखवते. वाटेत एकदा जरी दात वाजले तरी खुशाल काप. मी तोंड उघडणार नाही."

मग रोज सकाळी मागच्या मैदानातून करकर ऐकू येऊ लागली. मी शिवता शिवता कानात बोटं घालायची. एकदा वन्संचा पाय पेडलवरून सटकला तेव्हा त्यांनी दिलेली शिवी मी इथे लिहीत नाही. शुक्रवारी आवाज बंद झाला. मला वाटलं, संपलं, हरल्या. फार वाईट वाटलं. यांच्यावर तर असा राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

रविवारी हे व्हॅन घेऊन पुढे टेकडीवर जाऊन थांबले. वन्संच्या शेजारी बसायला उरले मी.

सुटताना गाडीने बोकडासारखी उडी मारली. मी दाराला घट्ट धरलं. चढ लागला, पहिलं वळण आलं, वन्संनी हात गिअरवर ठेवला आणि मी डोळे मिटले. काहीच वाजलं नाही. डोळे उघडून बघितलं तर गिअर पडलेला. पुढच्या वळणावर मी खाली नजर लावून बसले. डावा पाय पेडलच्या बाजूला नुसता टेकवलेला होता. वन्संनी मान जराशी कलती केली, इंजिनाचा आवाज ऐकला, गिअर दोन बोटांनी अलगद काढला, उजव्या पायाने किंचित ॲक्सिलरेटर दिला आणि दांडी पुढे ढकलली. चमचा डब्यात ठेवावा तसा गिअर आत गेला.

"वन्सं, क्लच!" मी ओरडले.

"नको आहे," त्या म्हणाल्या. "पाय सटकला ना त्या दिवशी, तेव्हा कळलं. वेग बरोबर जुळला की क्लच लागतच नाही. नवीनमध्ये अशी घाई केली तर कड्या आडव्या येतात, झिजतात. हिच्यात आडवं यायला कुणी नाहीच. आता गप्प बस, मला ऐकू दे."

मी गप्प बसले. अख्खी टेकडी चढेपर्यंत.

वर पाण्याच्या टाकीजवळ हे उभे होते. सगळ्या चढावर कान लावून बसले असणार. "एकदाही नाही वाजला," ते म्हणाले, आणि लगेच, "पण पाय भरून आला असेल तुझा. नवीनमध्ये निम्मा त्रास—"

"अहो, क्लचला पाय लावलाच नाही त्यांनी," मी म्हटलं. "मी बघितलंय. सुटताना एकदा, बस."

हे वन्संच्या पायाकडे बघत राहिले. अपघातानंतर पहिल्यांदाच नीट बघत होते. मग दार धरून खाली बसले.

"ताई, साखळी माझ्या हातून सुटली."

"मला माहीत नाही होय?" वन्सं म्हणाल्या. "मी खालीच उभी होते."

हे लहान मुलासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू? वन्संनी स्टिअरिंगवरचा हात काढून यांच्या डोक्यावर ठेवला आणि त्यांना रडू दिलं.

"मला तुझा राग आला होता," त्या म्हणाल्या. "कधीच गेला तो. पण त्याची भरपाई माझ्या गाडीला भोक पाडून करायची नाही. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले.