जागेश्वरभाऊचा कोंडा

जागेश्वरभाऊचा मला राग येतो तो एकाच गोष्टीसाठी. माणूस ऐकतो. नको तितकं ऐकतो.

आंधळगावात माझ्या घराला लागूनच त्याची पिठाची चक्की आहे. साठी उलटली, पापण्यांवर कायम पीठ, आणि कोणाचा डबा कोणता हे झाकणावरून ओळखणार. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. तरी मी बोललो की त्याच्यासाठी विषय संपला.

त्याचा जीव तुफानमध्ये. तुफान म्हणजे त्याचा बैल. वासरू असतानाच गाय मेली, तेव्हा चक्कीच्या ओट्यावर बसून यानं बाटलीनं दूध पाजलं. आता तीन वर्षांचा पांढराशुभ्र झाला होता आणि जानेवारीत शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पहिल्यांदा धावणार होता. गावभर सांगून झालं होतं.

आमच्याकडे बैलाला धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात, फार तर धानाचा कोंडा. पण वरठीच्या कारखान्यात जाणाऱ्या लोकांच्या घरी आता पोळी पांढरी लागते. गहू दळायचा, चाळून घ्यायचा आणि कोंडा चक्कीवरच सोडून जायचं. त्या कोंड्याला गिऱ्हाईक कमी नव्हतं. अळिंबी पिकवणारा यायचा, पशुखाद्यवाला यायचा. एकानं तर सांगितलं, शहरात याचीच बिस्किटं करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं खातात. झालं! इतकी भारी चीज तुफान सोडून दुसऱ्याला कशाला?

"मास्तर, गव्हाच्या कोंड्यात असते तरी काय बापा?" त्यानं मला विचारलं.

मला तर शिकवायची खाजच. मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं. शंभर ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम प्रथिनं, भरपूर तंतू, लोह, मॅग्नेशियम, आणि फॉस्फरस तर विचारूच नका.

"फॉस्फरसनं काय होते?"

"हाडं मजबूत होतात, भाऊ."

बस्स. दिवाळीपासून तुफानला सकाळ-संध्याकाळ घमेलं भरून कोंडा सुरू. त्याची बायको कुंताबाई ओरडायची, "अजी, हिरवा चारा बी टाका ना थोडा! निरा कोंडा कायले चारता?"

"मास्तरनं सांगतलं," हा म्हणायचा.

पटाला चार दिवस उरले होते. सकाळी हाक आली म्हणून धावलो. तुफान पाठ वाकवून, शेपटी उचलून उभा होता. कळ यायची, अंग थरथरायचं आणि दोन थेंब पडायचे. गुरांचे डॉक्टर बिचारे तासाभरात आले. तपासलं, इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"खडा अडकलाय. नुसत्या कोंड्यावर ठेवलं की फॉस्फरस जास्त होतो, कॅल्शियम कमी पडतं, मग लघवीत खडे धरतात. थंडीत पाणीही कमी पितात. त्यात याला फार लहानपणी ठेचून खच्ची केलाय, नळी बारीकच राहिली. ऑपरेशन लागेल. नागपूरला न्या, आजच."

दुसऱ्या गावात गाय अडली होती, ते तिकडे गेले. मी तिथंच उभा. विज्ञान शिकवतो म्हणे! कपाळ माझं. अर्धंच वाचून दाखवलं होतं मी.

गावातल्या सगळ्या गाड्या धान घेऊन गेलेल्या. शेवटी वरठीच्या चंद्रकुमारचा पिकअप मिळाला, पण दोनच्या आत येणं शक्य नव्हतं. जागेश्वरभाऊ तुफानच्या पोटावरून हात फिरवत होता आणि दर कळेला माझ्याकडे पाहत होता.

"मास्तर, काही तरी करा ना. पाहवत नाही जी."

मी काय करणार होतो? चंद्रकुमारला पुन्हा फोन लावला. कोंड्याचं जागेश्वरभाऊला सांगायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगतो, नाही झाली.

एक वाजता कळा थांबल्या. एकदम. तुफाननं पाठ सरळ केली, कान हलवले, जागेश्वरभाऊचा हात चाटला.

"उतरलं! दुखणं उतरलं त्याचं!" भाऊ रडत होता, हसत होता. कुंताबाई हळदकुंकू आणायला आत पळाली. मी अंगणाबाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला.

"लघवी झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग लघवीची पिशवी आत फुटली, सर. म्हणून कळा थांबल्या. आता नागपूरपर्यंत टिकणार नाही. गाडीत चढवू नका, उगाच हाल होतील. उद्या-परवापर्यंत राहील."

परत आलो तेव्हा भाऊनं चंद्रकुमारला गाडी नको म्हणून कळवूनही टाकलं होतं. तुफानच्या कपाळावर कुंकू लागलं होतं.

"काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणे... आता त्याला दुखणार नाही."

एवढंच निघालं तोंडातून. जागेश्वरभाऊ पुढे आला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी नको नको म्हणेपर्यंत खाली वाकला आणि दोन्ही हातांनी माझे पाय धरले.

"तुमच्यामुळं वाचला, मास्तर."