भोंग्याशिवायचा सामना

कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचं काम मी गेली वीस वर्षं करतो आहे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत यात्रेतला असा एक फड नसेल, जिथं माझा आवाज पोचला नाही. मी कराडात खाकरलो तर विट्यातली म्हैस दूध चोरते, असं लोक म्हणतात. म्हणजे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, पण चार गावांत सांगितल्यावर ते लोकांचंच झालं. पहिल्यांदा लंगोट बांधलेलं पोरगंही मी पुकारलं की वाघ होऊन आत यायचं. "यांना माईक न्हाई मिळाला तर पळी हातात घिऊन बोलतील," असं बायको पाहुण्यांना सांगते.

त्यामुळं आमची दोन्ही पोरं फुटबॉल खेळायला लागली तेव्हा पुढं काय होणार हे तिला बहुतेक कळलं असावं. मला कळलं नाही.

पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, पोरगी नऊची. शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी मुलामुलींचा मिळून एक संघ केला आणि आसपासच्या शाळांशी दर रविवारी सामने ठरवले. पोरीला गोलात उभं केलं, कारण सरांनी आणलेले हातमोजे फक्त तिच्याच हाताला बसले. पोरगा पुढं खेळायचा. पहिल्या रविवारी सर मला म्हणाले, "आवं, दोन शब्द बोला की." माझे दोन शब्द म्हणजे पाऊण तास.

फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, पण त्यानं माझं कधी अडलेलं नाही. खांबावर भोंगा बांधला आणि मी सुरू झालो. "गोलाच्या दारात उभी हाय ती वाघीण, हिच्या हातनं आजवर वारासुदीक सुटल्याला न्हाई." तेवढ्यात चेंडू तिच्या दोन पायांमधून आत गेला. दोन पोरं अडखळून एकमेकांवर पडली, तर खालच्याला मी चीतपट जाहीर करून टाकलं. पोराचं नाव मी 'कऱ्हाडचं वादळ' ठेवलं. लोक पोट धरून हसले आणि पुढच्या रविवारी दुप्पट आले. पहिला सामना आम्ही सहा गोलांनी हरलो, दुसरा आठ गोलांनी. माझं ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही थोडक्यात हुकले असंच वाटलं असणार.

चौथ्या रविवारी आम्हाला पेनल्टी मिळाली. सरांनी पोराला पुढं केलं. त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागं गेला. मी खुर्चीवरून उठलो. "ह्या उजव्या पायाला चूक कशी आसती ठाव न्हाई, मंडळी. ह्या पायानं मारल्याला चेंडू परवा कृष्णेच्या पल्याड गावला." टाळ्या पडल्या.

पोरगं चेंडूकडं बघेना, गोलाकडं बघेना. खांबावरच्या भोंग्याकडं बघत उभं राहिलं. शिट्टी झाली. पुन्हा झाली. मग तो वळला आणि चालत मैदानाबाहेर गेला. तेवढ्यातही मी बोलत होतो. वादळ जरा दम घेतंय, असं काहीतरी. पोरगी आपला गोल सोडून अख्खं मैदान पळत आली आणि हातमोज्यांसकट त्याच्या शेजारी उभी राहिली. तेव्हा कुठं मी माईक बंद केला.

गाडीवर तिघं बसलो की मधे पोरीची बडबड चालू असायची. त्या दिवशी ती हातमोजे न काढताच घरापर्यंत आली. पोरानं नळाखाली बूट धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले.

"मी न्हाई जाणार आता."

"आरं, एक चुकलं म्हणून काय झालं?"

"चुकलं न्हाई. मी मारलाच न्हाई." मग माझ्याकडं न बघता, "तुमी बोलता तो पोरगा मी न्हाई, पप्पा. त्याच्यावानी मला जमत न्हाई. समदी त्यालाच बघाया येत्यात."



दोन रविवार पोरगी एकटीच गेली. कोपरं सोलून परत आली, किती गोल बसले ते तिनं सांगितलं नाही. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा येतो म्हनलाय. पर तुमी गप बसायचं."

"टाळ्या?"

"टाळ्या बी न्हाईत."

"आन् खोकला आला तर?"

तिनं विचार केला. "एकदाच."

दुसऱ्या दिवशी मी पोरीच्या गोलामागं एका सिमेंटच्या पाइपावर जाऊन बसलो. तोंडात जीभ अशी वळवळत होती, की तिनं बत्तीसच्या बत्तीस दात दोनदा मोजले. पण तोंड बंद झालं आणि डोळे उघडले. इतके रविवार मी बघत होतो ते लोकांच्या तोंडाकडं.

पोरगा वादळ वगैरे काही नव्हता. चेंडू आला की विस्तवावर पाय पडल्यासारखा लगेच दुसऱ्याकडं देऊन टाकायचा. पण समोरची पोरं आमच्या बाजूला सुटली की पळता पळता मागं वळायचा, बहिणीकडं बघायचा आणि दोन्ही तळवे थोडे वर करायचा. ती त्याच्याकडंच बघत असायची. मग तिचे हात वर जायचे. तरी चेंडू आत जायचा, पण दोन अडले. मी मोजायला लागलो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा मीही तिच्यामागोमाग पलीकडच्या गोलामागं जाऊन बसलो.

तीन गोलांनी हरलो. परत येताना पोरगा तिच्या हातमोज्याची ओली नाडी दातानं सोडवत होता.

"पप्पा, कसं झालं सांगा की," पोरगी म्हणाली.

जिभेवर वाघ आले, वादळं आली, कृष्णामाई पुरासकट आली. सगळी गिळली.

"दादानं चौदा वेळा मागं वळून बघितलं," मी म्हणालो.

पोरानं नाडी सोडली, हातमोजे पिशवीत घातले. वर न बघता म्हणाला, "तिच्याकडं तेरा. एकदा तुमी काय करताय ते बघितलं."