आबांचा उभा डी

आबांच्या बायकोचा, अक्कांचा, धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कुणाची तरी लग्नपत्रिका लावत होते. "सलमा, आबा गेले," एवढंच म्हणाल्या. मी पत्रिका पूर्ण केली... दुसरं काय करणार होते?

आबा मूळचे भडगावचे. धुळ्याच्या एका कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर कलनावर, म्हणजे कॅल्क्युलसवर, मराठीत एकच पुस्तक लिहिलं. ते मी लेटेकमध्ये लावलं. गणित छापायची ही प्रणाली मला त्यांनीच शिकवली. हट्ट एकच, अवकलनाचा, म्हणजे 'डीवाय बाय डीएक्स'मधला डी उभा हवा. "एक्स, वाय बदलतात, म्हणून तिरके. डी काम करतो गं. काम करणाऱ्यानं ताठ उभं राहावं." प्रणाली मात्र त्यालाही तिरका करायची. म्हणून चौथ्या धड्यापासून मी एक आज्ञाच तयार केली, तिचं नाव 'आबा'. ती लिहिली की डी उभा. केवढे हसले होते!

छपाईच्या वेळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रुफं वाचता येईनात. फोनवर विचारलं, "पोरी, बठ्ठा डी उभा शेतस ना?"

"हो आबा, एका ओळीत सगळे बदलतात," मी ऐटीत सांगितलं. पहिले तीन धडे आज्ञेच्या आधीचे, तिथे साधा डीच टाइप केलेला, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. माझे डोळे तर धड होते. उघडून बघितलं नाही, बस.

पुस्तकं आली, आबांनी पहिलंच पान उघडलं आणि एका तिरक्या डीवर बोट ठेवलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, मी करस." तेव्हापासून रोज सकाळी लाल पेन घेऊन बसायचे. एकेक प्रत, एकेक तिरका डी खोडायचा, शेजारी उभा काढायचा. रागावले असते तर बरं झालं असतं.

परवा धुळ्याला गेले. पलंगाखाली न उघडलेले गठ्ठे तसेच होते. टेबलावरच्या प्रतीत लाल खुणा दुसऱ्या धड्याच्या मध्यावर थांबल्या होत्या, पेन पानातच होतं. अक्का म्हणाल्या, "घेऊन जा, मला यातलं काय कळतं?"

घरी येऊन ते तीन धडे दुरुस्त केले. चहा निवायच्या आत झालं. आता फाइलीतला प्रत्येक डी उभा आहे... आणि ती छापा म्हणणारं कुणी नाही.