तिरपे भाऊजी आणि पांढरी गाडी

तिरपे भाऊजी कधी कुणासमोर सरळ उभे राहिल्याचे मला आठवत नाही. दारात आले की आधी उजवा खांदा आत यायचा, मग उजवा गाल, आणि उरलेले भाऊजी सावकाश मागून. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग होता. तरुणपणी स्टील प्लांटमध्ये वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला होता. रिसालीतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हते. फक्त नाव तेवढे तिरपे भाऊजी ठेवले होते. आम्ही फार सभ्य लोक.

प्लांटमध्ये ते इन्स्पेक्शनला होते. प्लेटवर बारीकशी चीर दिसली की तिच्याभोवती खडूने गोल काढायचा, हे आयुष्यभराचे काम. निवृत्त झाले तरी खडू खिशातच राहिला. मग कुणाच्या भिंतीची ओल, कुणाच्या टाकीची गळती, आमच्या जिन्याची फुटकी पायरी, सगळीकडे पांढरे गोल उमटू लागले. "भाऊजी, हे कशाला?" विचारले की म्हणायचे, "दिसलं पायजे ना वहिनी! मी दुरुस्त करनारा नाही, मी दाखवनारा आहो."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची अल्लड मुलगी होते. लेकीने स्मार्टफोन घेऊन दिला होता आणि फोन हातात आला की कला आपोआप येते, अशी माझी समजूत होती. आमची जुनी पांढरी गाडी विकायचे ठरले, तेव्हा इंटरनेटवर टाकायचे फोटो मीच काढणार, असे मी जाहीर करून टाकले. भर दुपारी, गाडीच्या नाकाला नाक लावून, धडाधड फोटो काढले. एकात बोनेट नवऱ्याच्या पोटासारखे फुगले होते. एकात टपातून विजेचा खांब उगवला होता. आणि मला सर्वात आवडलेल्या फोटोत चकचकीत दारावर मी स्वतःच होते, गाऊनमध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तो मी कौतुकाने फॅमिली ग्रुपवरही टाकला. नागपूरच्या जाऊबाईंनी लगेच विचारले, "यातलं विकायचं काय आहे?"

भाऊजींनी ते फोटो बराच वेळ पाहिले. "वहिनी, फोटो काढून राहिल्या का गाडीले सजा देऊन राहिल्या?"

संध्याकाळी पाचला माझी शाळा भरली. पहिला धडा, पदराने लेन्स पुसणे. "चिवड्याचं तेल लावून कोनती गाडी चमकन?" मग प्लांटची लाल धूळ पुसणे. मग सूर्याकडे पाठ करून चार पावले मागे सरणे. जवळून काढले की नाकच मोठे येते, गाडीचेही. मग खाली बसणे. "दिव्याच्या उंचीवर मोबाईल आना. उभ्यानं काढला का गाडी बसल्यासारकी दिसते." मी उकिडवी बसले, आणि उठता येईना म्हणून बंपर धरून उठले. शेवटी भाऊजींनी स्वतः स्टिअरिंग फिरवून पुढचे चाक जरासे वळवले. "गाडी कधी समोरून काढायची नाही. एक डोळा आन् एक कूस दिसली पायजे. तिरपीच चांगली दिसते."

ते तुमच्याकडे पाहून कळतेच, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. गिळले. तेवढी अक्कल तेव्हाही होती.

फोटो खरेच देखणे आले. मी खूश होऊन आत निघाले, तर भाऊजी म्हणाले, "थांबा. डाग राहिला. डाग पहिले टाकायचा, बाकी गाडी मागून."

मागच्या डाव्या दाराला खाली एक चेप होता. तो समारूच्या म्हशीचा, असे तीन वर्षांपासून सगळी गल्ली मानत होती, कारण तसे मी सांगितले होते. खरी गोष्ट अशी की हे फर्स्ट शिफ्टला गेले असताना मी गुपचूप गाडी काढून हुडको कॉलनीत बहिणीकडे गेले होते आणि तिच्या गेटच्या हिरव्या खांबाला दार घासून आणले होते. समारू आमचा दूधवाला. ह्यांनी त्याला भर गल्लीत नको ते सुनावले आणि दूध बंद केले. "मोर भैंसी सिधवा हे, साहब," गरीब आहे माझी म्हैस, एवढेच तो बिचारा म्हणत राहिला. त्यानंतर आमच्या दारावरून जाताना तो सायकलची घंटी वाजवत नसे.

भाऊजींनी चेपाभोवती खडूने गोल काढला आणि वाकून पाहिले. "वहिनी, म्हशीच्या शिंगाले हिरवा पेंट असते का?"

"पोळ्याला रंगवतात की!"

"बैलाचे रंगवतात. म्हशीचे कोन रंगवते? आन् एवढं खाली? गुडघ्यावर बसून आली होती का?"

"भाऊजी, हा फोटो नका टाकू," मी हळूच म्हणाले. "ह्यांना कळलं तर?"

तेवढ्यात हे चहा घेऊन बाहेर आलेच. खडूचा गोल पाहून म्हणाले, "हो हो, काढा. समारूच्या म्हशीची मेहेरबानी!"

भाऊजींना एका शब्दात मला उघडे पाडता आले असते. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि उजवा गाल आमच्याकडे करून आभाळ बघत उभे राहिले.

"म्हैस नव्हती," मी म्हणाले. "मी होते."

ह्यांनी कप बोनेटवर ठेवला. "तू? गाडी तू चालवली?"

"हुडकोपर्यंत."

"आन् परत कोनं आनली?" ह्यांनी विचारले.

"मीच."

क्षणभर मला वाटले, शाबासकी मिळते. हे मात्र चप्पल घालून तडक समारूच्या घराकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्षांनी दारात घंटी वाजली. "माँजी, मोर भैंसी..." त्याने सुरुवात केली. "सिधवा हे," मी म्हणाले. मान खाली घालायची पाळी आता माझी होती.

जाहिरातीत डागाचा फोटो पहिला टाकला. अहिवाऱ्याहून एक मास्तर आले, चेप बोटाने चाचपला, म्हणाले, "फोटोत होता तेवढाच आहे," आणि गाडी घेऊन गेले.

पुढे काही वर्षांनी भाऊजी कायमचे पुण्याला, मुलाकडे निघाले. टॅक्सी दारात होती. मी फोन काढला. सवयीने भाऊजींनी उजवा गाल पुढे केला.

"भाऊजी," मी म्हणाले, "डाग पहिले."

गल्लीने इतकी वर्षे जपलेली सभ्यता मी एका झटक्यात संपवली होती. बोलल्यावर वाटले, जीभ चावावी.

"लय चाबऱ्या आहा तुमी, वहिनी," ते म्हणाले, आणि हळूहळू वळून सरळ माझ्यासमोर उभे राहिले. सूर्य माझ्या पाठीशी होता. लेन्स मी पुसली होती. एकच फोटो काढला.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा मेसेज आला. भाऊजी गेले. "काकू, बाबांचा समोरून काढलेला हा एकच फोटो आहे. फोनमध्ये जपून ठेवला होता त्यांनी. फ्रेमवाला विचारतोय, गालावरचा डाग काढून टाकू का?"

मी पदराने चष्मा पुसला. दोनदा पुसावा लागला. मग टाईप केले, "त्याला म्हणावं, म्हशीचं काम आहे. हात लावू नको."

मुलाला काय कळले असेल, देव जाणे. पण त्याने नंतर फ्रेमचा फोटो पाठवला, तेव्हा डाग जागच्या जागी होता.