रेणूचे हात

नवस मी अकरा मंगळवारांचा बोललो होतो. अनुभव आला तो सातव्या मंगळवारी, अकराव्या नव्हे. सांगायला अकरावा बरा वाटला असता, पण आकडा मी बदलणार नाही. आणि जे मागितलं होतं ते मिळालं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

माझी मुलगी रेणू जन्मापासून अंध. ते आम्ही हळूहळू पचवलं होतं. पाचव्या वर्षी तिला नागपुरातल्या एका अंधशाळेत घातलं. पोरगी भारी बोलकी. मी कामावरून आलो की पायरीवरच्या चपलेच्या आवाजावरून ओळखायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. सहाव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. अठरा दिवस दवाखान्यात होती. एकोणिसाव्या दिवशी घरी आली, तेव्हा ताप नव्हता आणि ऐकूही येत नव्हतं. कानाच्या आतला भाग कडक झाला आहे, यंत्र बसवून उपयोग होणार नाही, असं तीन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून एकच सांगितलं.

अंधशाळेतल्या बाईंना रडू आलं. म्हणाल्या, "आम्ही सगळं आवाजानं शिकवतो हो. ब्रेलची तर हिची नुकती सुरुवात होती. हिच्यापर्यंत मी कशी पोचू?" मग मूकबधिर मुलांच्या शाळेत गेलो. तिथले सर भले होते. पण त्यांचं सगळं डोळ्यांवर चालतं. या दोन शाळांमध्ये अंतर साडेचार किलोमीटर. परत येताना स्कूटरवर रेणू माझ्या आणि बायकोच्या मधे बसली होती. मला वाटलं, त्या साडेचार किलोमीटरमध्ये कुठेतरी देवानं हिला उतरवून दिलं आणि तो पुढे निघून गेला.

माझी नोकरी सावनेरजवळच्या खाणीवर, कोळशाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर. मोजायची सवय अंगात आहे. रेणू दिवसभरात किती वेगळे शब्द बोलते ते मी एका वहीत लिहू लागलो. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर मूल बोलणं विसरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्या महिन्यात ऐंशीच्या वर शब्द होते. पाचव्या महिन्यात चौदा. तेही आम्हालाच कळत. सहाव्या महिन्यात मी वही ठेवून दिली.

एक गोष्ट लिहायला जड जाते. ती दिसेल त्याचा, म्हणजे हाताला लागेल त्याचा चेहरा चाचपायची. गळ्यावर हात ठेवायची, ओठ धरायची. पाहुण्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. मग आम्ही तिचे हात खाली दाबायचो. एकदा माझ्या बायकोनं तिच्या हातावर चापट मारली आणि नंतर स्वतःच दोन दिवस जेवली नाही. बाहेर जाताना तर मी तिची दोन्ही मनगटं एका मुठीत धरायचो. कुणाला लागू नये, तिलाही लागू नये. मला ती काळजी वाटायची.

खाणीच्या रस्त्यावर एका टेकडीवर गणपतीचं जुनं देऊळ आहे. तिथे दर मंगळवारी तिघं जायचो. पहिल्या सहा वेळा मी एकच मागणं केलं, एका तरी कानानं हिला ऐकू येऊ दे. पायऱ्या उतरताना दर वेळी मनात शंका यायची की वर कुणी ऐकणारा तरी आहे का. सातव्या मंगळवारी काटा दुरुस्तीला बंद होता, म्हणून नेहमीसारखं संध्याकाळी न जाता सकाळी गेलो. सभामंडपात बसलो. रेणू सुटायला धडपडत होती आणि मी मनगटं घट्ट धरून स्तोत्र म्हणत होतो.

समोर एक तिशीची बाई बसली होती. ती उठली आणि तिनं सरळ माझ्या मुठीवर फटका मारला. मी चमकलो. तिच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला आणि हात भराभर चालू लागले. तिच्यासोबतची म्हातारी पुढे सरकली.

"रागावू नका गा भाऊ. सून हाय माही, बहिरी हाय. थे म्हणून राहिली, पोरीचं तोंड काहून दाबून धरलं?"

"तोंड कुठे दाबलं? हात धरलेत. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही."

"तेच तं म्हणते थे. मंग हात धरल्यावर पोरगी बोलंन कायनं? चोर हाय का थे, पोलिसासारकं धरून बसले ते!"

माझी बायको म्हणाली, "अवो, सोडा ना तिले." मी सोडलं. एवढंच मी केलं.

रेणूचे हात लगेच त्या बाईच्या तोंडावर गेले. बाईनं ते काढले नाहीत. तिनं प्रसादाचे दोन फुटाणे रेणूच्या तोंडात घातले, मग रेणूचे हात आपल्या हातांवर घेऊन बोटांची टोकं दोनदा एकमेकांना टेकवली. पुन्हा फुटाणे, पुन्हा तीच खूण. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी बाई नुसती थांबली. रेणूही थांबली. मग तिनं आपली बोटं जुळवली आणि एकदा टेकवली.

"आणखी दे म्हणते," म्हातारी म्हणाली. "खादाड हाय वं तुही पोरगी!" आणि बायको तोंडाला पदर लावून रडू लागली, तशी म्हातारी तिला म्हणाली, "रडतं काहून? थे मागून राहिली तं दे ना तिले."

त्या बाईचं घर नागपुरातल्या महाल भागात, ती ब्लाउज शिवते. बहिऱ्यांच्या शाळेतल्या तिच्या एका मैत्रिणीचे पुढे डोळे गेले. तिच्याशी हातात हात घेऊन बोलायची तिला सवय होती. हे सगळं म्हातारीनं पायऱ्या उतरताना सांगितलं. सासू-सून त्या देवळात वर्षातून एकदाच येतात. याला कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

आता दर रविवारी आम्ही महालात जातो. तिथे सात-आठ बहिरी माणसं जमतात, हातांनी भांडतात, चेष्टा करतात. रेणू एकेकाच्या हातांवर हात ठेवून फिरते. मूकबधिर शाळेनं आठवड्यातून दोन दिवस तिला बसू द्यायचं कबूल केलं आहे, तेही बायको सोबत असेल तरच. पुढचं कुणीच सांगत नाही. तिचा आवाज गेला. ती मला बाबा म्हणायची, ते आता म्हणत नाही.

उरलेले चार मंगळवारही केले. पण कान मागितला नाही. मी देवापुढे मागणं पक्कं ठरवूनच जात होतो आणि तो काय देतो आहे ते घ्यायला माझी मूठ मोकळी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. अजूनही कधी कधी रेणू एकदम रडू लागते आणि का ते तिला सांगता येत नाही, तेवढ्या खुणा तिच्याजवळ नाहीत. तेव्हा मी तिच्याजवळ बसतो आणि माझा तळहात तिच्या हाताखाली उताणा ठेवतो. धरत नाही. काही वेळा ती हात काढून घेते. काही वेळा राहू देते.